संक्रांतीचं काळं लुगडं

शेजारच्या घरात तीळ भाजायला घेतले की वास आधी आमच्याकडे येतो, कारण दोन घरांमधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही. काल सकाळी तो आला. मी कणीक मळत होते, हात तिथेच थांबले. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं, तुळशीच्या पानांवर कारखान्याची धूळ दवात भिजून चिकटलेली असते, हे रोज दिसत होतं. पण संक्रांत आली हे त्या वासानेच सांगितलं.

आमचे हे हथखोजला कामावर निघाले होते. सायकलला डबा अडकवता अडकवता म्हणाले, "यंदा काळं नाही काढलं?"

"नाही."

"मागच्या साली तर आठ दिस आधीपासून उन्हात टाकून राहिली होती."

"तेव्हा टाकलं होतं."

ते सायकल दाराबाहेर काढून निघून गेले. मी पेटीकडे पाहिलंही नाही. लुगडं तळाशी आहे, वर जुन्या गोधड्या आहेत. काळ्या रंगाचं, लाल काठाचं, अंगभर तिळाएवढे पांढरे ठिपके. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने भंडाऱ्याहून पाठवलं होतं. वर्षातून पंधरा-वीस दिवस, रथसप्तमीपर्यंत, तेवढंच अंगावर यायचं. म्हणून इतकी वर्षं टिकलं.

इथे भिलाईत सणाला काळं नेसणाऱ्या आम्हीच. आमची शेजारीण फूलबाई छत्तीसगढी, ती दर वर्षी दारातून विचारायची, "तिहार के दिन करिया काबर पहिरे हस, बहिनी?" सणाच्या दिवशी काळं कशाला, म्हणून. मीही दर वर्षी तेच सांगायची. थंडीचा सण आहे, काळं ऊब धरतं, एरवी आम्हीही शुभकार्यात काळं नेसत नाही, पण हे दिवस वेगळे. ती हसायची. म्हणायची, "तुमन मराठी मन के सब्बो उल्टा हे." तुम्हा मराठी लोकांचं सगळंच उलटं. मीही हसायची तिच्याबरोबर.

मी एका शाळेत झाडलोट करते. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर तिथल्या एका खोलीत मोठा टीव्ही बसवला आणि त्याच्या डोक्यावर छोटा कॅमेरा. आठवीला शिकवणाऱ्या साहू मॅडमनी आफ्रिकेतल्या घाना देशातली एक शाळा शोधली होती. दर गुरुवारी साडेतीन वाजता आपली मुलं इथे बसणार, तिकडची मुलं तिकडे, आणि ती आपल्याला त्यांचं शिकवणार. गाणी, ढोल, कापड, खेळ, नावं. आपले साडेतीन म्हणजे तिकडचे सकाळचे दहा. माझं काम होतं खोली झाडणं, दऱ्या अंथरणं, पडदे ओढणं, आणि तास होईपर्यंत मागे दाराशी बसून मुलांना गप्प ठेवणं.

पहिल्या गुरुवारी आपल्यातल्या एकीने माइकमध्ये विचारलं, तुमच्याकडे टीव्ही आहे का. विचारत होती टीव्हीत बघूनच. दोन्हीकडची मुलं एकदम हसली. साहू मॅडमनी कपाळावर हात मारला.

मी मात्र मुलांकडे बघत नव्हते. त्या चित्राच्या अगदी मागे, काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीजवळ, एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल. हातात झाडू होता. आपल्याकडच्या खराट्यासारखाच काड्यांचा जुडगा, दांडा नाही. तिने मला पाहिलं तेव्हा माझ्याही हातात खराटा होता. तिने आपला वर उचलला. मी इकडेतिकडे पाहिलं, मॅडमचं लक्ष नव्हतं, आणि मीही माझा उचलला.

तेवढंच. पुढे दर गुरुवारी तेवढंच. तास संपला की तिकडची मुलं एका सुरात काहीतरी लांब बोलायची, मग सगळे हात हलवायचे, आणि मागे आम्ही दोघी. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. मॅडमशी बोलायचं तरी माझी जीभ जड होते. पण ती मागे दिसली की तास भरला असं वाटायचं. एखाद्या गुरुवारी यायला तिला उशीर झाला तर मी मुलांच्या डोक्यांवरून वाकून बघत राहायची.

आठवीत प्रणाली नावाची मुलगी होती. तिचे वडील प्लांटमध्ये क्लार्क, मूळचे आमच्याच भागातले. ती घरी मराठी बोलायची आणि शाळेत हिंदी, आणि माझ्याशी दोन्ही मिसळून. इंग्रजीतलं मला कानात सांगायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. तिकडे माणूस ज्या वारी जन्मतो त्या वाराचं नाव त्याला मिळतं, हे तिनेच सांगितलं. शुक्रवारची मुलगी अफुआ. मागे उभी असते ती बाई अफुआ, मुलं तिला अफुआ आंटी म्हणतात.

"मावशी, तुमचा जन्म कोणत्या वाराचा?"

"तान्ह्या पोळ्याचा."

"अरे, वो तो त्योहार हुआ. वार सांगा न."

"वार कोणाले माहीत. आई म्हणे, बैल सजून झाले अन् दुसऱ्या दिवशी तू आली."

"मग तुमचं नाव नाही निघत. तुम्ही बिना नावाच्या."

ती हसली, मीही हसले. तिकडे अफुआ आम्हाला बघत होती, काय चाललंय ते तिला कळत नसणार, तरी तीही हसली.

एकदा तिकडच्या सरांनी तिला पुढे बोलावलं. मोठं लाकडी उखळ, मुसळ तिच्याहूनही उंच. एक मुलगी मुसळ घालत होती आणि अफुआ दोन घावांच्या मध्ये हात घालून आतला शिजवलेल्या कंदाचा गोळा उलटवत होती. घाव, हात, घाव, हात. माझा जीव त्या हातापाशी अडकला होता. मग साहू मॅडम म्हणाल्या, "निर्मला दीदी, आप भी आइए, कुछ अपना दिखाइए." मी उठले ती सरळ दाराबाहेर, मुलांच्या चपलांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. नंतर प्रणालीने सांगितलं, अफुआ आंटी तोंडावर हात ठेवून खूप हसली.

म्हणजे मी लाजाळू आहे हे तिला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यामुळे जास्त वाईट झालं.

संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवाचे दिवस होते. त्या गुरुवारी संध्याकाळी प्रणालीच्या आईकडे बोलावणं होतं, म्हणून मी काळं लुगडं नेसूनच शाळेत गेले. पिशवीत तिळगुळाची डबी होती. टीव्ही लागला. तिकडे हवा धुळीने पांढरी झालेली, खिडकीबाहेरची झाडं पुसट दिसत होती. त्या दिवसांत वाळवंटाकडून वारा येतो असं तिकडच्या सरांनी आधी सांगितलं होतं. आणि मागे अफुआ. अंगभर काळं कापड, त्यावर लाल, आणि डोक्याला लाल पट्टी बांधलेली.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं या गावात मी काळं नेसते आणि दारोदार त्याचा खुलासा करते. आणि समुद्रापलीकडे एक बाई, माझ्यासारखीच झाडणारी, त्याच दिवसांत काळं-लाल नेसून उभी. मी उठले. मुलांच्या मधून पाय टाकत थेट कॅमेऱ्यापुढे गेले. पदर दोन्ही हातांनी पसरून दाखवला. तिच्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं. डबी उघडून तिळाचा लाडू कॅमेऱ्याजवळ धरला, जणू तिच्या तोंडात घालते आहे. कपाळाकडे बोट नेऊन कुंकू लावल्यासारखं केलं. आणि मोठ्याने हसले. मी मोठ्याने कधी हसत नाही.

आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. "निर्मला दीदी" करून ओरडली. तिकडे एकाही मुलाने टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी माना खाली घातल्या. अफुआ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला, पडू नये म्हणून एकदा हाताने सारखा केला, आणि ती चित्रातून बाहेर गेली.

मला वाटलं, लाजली. माझ्यासारखी.

त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला मी सगळ्या बायकांना सांगितलं, आफ्रिकेतसुद्धा संक्रांतीला काळंच नेसतात. प्रणालीची आई म्हणाली, "काय सांगता, निर्मलाबाई?" मी म्हटलं, स्वतःच्या डोळ्याने पाहिलं.

पुढच्या गुरुवारी तास कापडाचा होता. तिकडचे सर एकेक कापड उलगडून दाखवत होते. पांढरं मूल झाल्यावर, आनंदाच्या दिवशी. निळं कधी, पिवळं कधी. मग काळं आणि लाल. प्रणाली माझ्या कानाशी बोलत होती, ती मध्येच थांबली.

"काय म्हणाले?"

"काही नाही, मावशी."

"सांग न."

"वो मातम का है. कोणी मरण पावलं की काळं न् लाल. लाल म्हणजे... एकदम जवळचं कोणी."

तास संपल्यावर साहू मॅडमनी तिकडच्या सरांना विचारलं. मी टीव्हीच्या बाजूला, चित्रात दिसणार नाही अशी उभी होते. मॅडमनी मला हिंदीत सांगितलं, अफुआचा मोठा मुलगा सोन्याच्या खाणीत काम करत होता. खड्ड्याची भिंत बसली. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. सर सांगत होते तेव्हा त्यांच्या मागे खिडकीपाशी कोणी नव्हतं.

आमची मुलगी रेखा दुसरीत होती तेव्हा तापाने गेली. चौथ्या दिवशी समोरच्या घरात नवीन राहायला आलेली बाई पेढे घेऊन आली, तिचा मुलगा पास झाला होता. तिला माहीत नव्हतं. मी हात पुढे केला, तिने पेढा ठेवला, ती हसली, गेली. मी तो पेढा किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. जाऊबाईने मूठ उघडली तेव्हा बोटांमध्ये तूप उतरलं होतं. त्या बाईला पुढे कळलं, पण ती आली नाही. ती यायला हवी होती. येऊन नुसती बसली असती तरी चाललं असतं. आमच्यात मौतीच्या घरी दुसरं काय करतात. बायका येतात, पदर डोक्यावर घेऊन बसतात, बोलत नाहीत. मग उठतात आणि निघून जातात. येते म्हणायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, हात करायचा नाही. मौतीच्या घरी येते म्हणणं म्हणजे पुन्हा तशीच वेळ बोलावणं. रेखाच्या वेळी एकेक बाई अशी न सांगता उठून जायची आणि मला बरं वाटायचं. कोणाला काही उत्तर द्यावं लागत नव्हतं.

मी साहू मॅडमना सांगितलं, मला एकदा तिच्यासमोर बसायचं आहे.

"दीदी, जाने दीजिए, वो समझ गई होंगी कि आपको पता नहीं था."

"एक बार, मॅडम."

"बच्चों का टाइम है वो. परीक्षा सिर पर है."

परीक्षेमुळे दोनच गुरुवार उरले होते. पहिल्या गुरुवारी लाइन लागलीच नाही, टीव्हीवर गोल फिरत राहिलं आणि मुलं कंटाळून भूगोलाचं पुस्तक काढून बसली. त्या आठवड्यात मी शाळेचं अंगण झाडताना माझ्या मनात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा होत असे. पदर पसरलेला. लाडू पुढे. खराटा चालत राहायचा आणि एकाच जागेची धूळ उडत राहायची. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "इतक्या दूरची बाई, तिले कोण सांगणार तू कोण ते. कावून जीवाले लावून राहिली?" ते चांगल्या मनानेच म्हणाले.

शेवटच्या गुरुवारी मॅडमनी पाच मिनिटं दिली. प्रणाली म्हणाली, "मावशी, मैं इंग्लिश में बोल देती हूँ न. सॉरी बोलायचं ना?"

"नको. मौतीच्या घरी निरोप नाही पाठवत बाई. आपण जातो."

मी धुवून फिकट झालेलं पातळ नेसून गेले होते. कपाळावर टिकली नव्हती. दरीवर टीव्हीसमोर बसले, पदर डोक्यावरून घेतला. तिकडच्या सरांनी काहीतरी सांगितलं आणि अफुआ पुढे येऊन खुर्चीवर बसली. काळंच कापड होतं. तिचा चेहरा मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. डाव्या गालावर जुनी बारीक खूण होती. तिने दोन-तीन शब्द उच्चारले. मी मान खाली घातली. मग दोघी बसून राहिलो. तिच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. आमच्याकडे थंडी होती, खिडक्या बंद होत्या. मुलं इतकी गप्प कधीच बसली नव्हती.

मी मनात म्हणत होते, मला माहीत नव्हतं. रेखाच्या वेळी त्या पेढेवालीने म्हणायला हवं होतं तेच, तसंच.

मग मी उठले. आपल्याकडे उठतात तशी. तिच्याकडे पाहिलं नाही, हात केला नाही, वळले नाही, दारातून बाहेर गेले आणि चपलांच्या रांगेपाशी उभी राहिले. आतून तिकडच्या मुलांचा आवाज आला, सगळी एका सुरात, दर वेळी म्हणायची तेच. मग मॅडमनी टीव्ही बंद केला.

मला हलकं वाटलं. हे लपवत नाही. पुढचा महिनाभर मला हलकं वाटत होतं. कुम्हारीच्या बाजूला रस्त्याकडेला परसाची, म्हणजे पळसाची, लाल फुलं आली, ऊन चढलं, मुलं घोकंपट्टी करत फिरू लागली, आणि मी मनाशी म्हणत होते, एक काम तरी नीट झालं.

परीक्षा संपल्यावर प्रणालीच्या वडिलांनी बोरसीत घर घेतलं, तिचं नाव शाळेतून काढलं. जाताना ती तिची त्या तासाची वही मला देऊन गेली. म्हणाली, "मावशी, मागची पानं कोरी आहेत. तुम्ही लिहीत असता न काहीतरी." मी लिहिते हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. मी वही पेटीत ठेवून दिली, लुगड्यावरच. साहू मॅडम दिवाळीत दुसऱ्या शाळेत गेल्या. तिकडचा नंबर त्यांच्याजवळच होता. फोन करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिकडचे सरही आता तिथे नाहीत, कोणी उचलत नाही. टीव्हीवर आता चादर घातलेली असते. मी ती आठवड्यातून एकदा झटकते.

काल तिळाचा वास आल्यावर, हे गेल्यावर, मी पेटी उघडली. लुगडं काढायला नाही. वही काढली. प्रणालीचं अक्षर गोल आहे, हिंदीत लिहिलेलं, मला वाचता येतं. वारांची नावं, ढोलांची चित्रं, कापडाचं पान. त्याच्या काही पानं आधी एक पान होतं, मी भंडाऱ्याला मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते त्या गुरुवारचं. त्या तासाला मी नव्हते. वर लिहिलं होतं, किसी के घर से उठना. आणि खाली:

"खुशी का घर हो या गमी का, उठने से पहले रास्ता माँगते हैं. घरवाले देते हैं, तब जाते हैं. बिना माँगे उठ गए तो मतलब झगड़ा करके गए, अब नहीं आएँगे. क्लास के आख़िर में वहाँ के बच्चे रोज़ यही बोलते हैं, रास्ता दीजिए."

मी ते दोनदा वाचलं. भिंतीपलीकडे तीळ फुटत होते. फूलबाईने हाक मारली, "बहिनी, ये साल करिया नइ पहिरे?"

तिकडे ती खुर्चीवर बसलेली होती. वाट देण्यासाठी बसलेली असेल. मुलं तिच्या मागून मागत होती, आणि मी तोपर्यंत चपलांपाशी पोचले होते.

त्या ओळीखाली प्रणालीने काही लिहिलेलं नाही. अर्धं पान कोरं होतं. मी तिथूनच लिहायला घेतलं.